शाळेला सुट्टी, गावाला हंगाम

समुद्रकिनारी सुट्टीला जाणं वेगळं आणि समुद्रकिनारी राहत असताना मुलांना सुट्टी लागणं वेगळं. पहिल्या वेळी तुम्ही पाहुणे असता. दुसऱ्या वेळी पाहुण्यांच्या गाड्या तुमच्या फाटकासमोर उभ्या असतात, नळाचं पाणी बारीक झालेलं असतं, तुमची ऑफिसची मीटिंग शेजारच्या बंगल्यातल्या बँडच्या तालावर चाललेली असते आणि मुलं दारात येऊन 'आता काय करू?' विचारत असतात. अमेरिकेतल्या कंपनीचं काम घरून करणारी किंवा ग्वादालाहाराच्या आयटी कार्यालयातून वर्षभरासाठी किनाऱ्याकडे सरकू पाहणारी काही मराठी कुटुंबं मेक्सिकोत बिऱ्हाड करण्याचा विचार करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. किनारा सुंदर आहे, हे त्यांना कुणी सांगायला नको. सुट्टीतले आठवडे कसे काढायचे, हे मात्र सांगायला हवं.

उदाहरणासाठी सायुलिता घेऊ. नायारित राज्यातलं हे सर्फिंगचं गाव पुएर्तो वायार्ताच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. २०१५ साली सरकारने त्याला 'पुएब्लो माहिको' या पर्यटन योजनेत घेतलं आणि आधीच वाढत असलेली गर्दी आणखी वाढली. पलीकडे काही किलोमीटरवर त्याहून शांत सान पांचो, अलीकडे ला क्रूस आणि बुसेरियास. इथे जे लिहिलं आहे ते थोड्याफार फरकाने वाहाका राज्यातल्या पुएर्तो एस्कोंदिदोलाही लागू पडेल. कॅरिबियन बाजूच्या प्लाया देल कार्मेनला जाणार असाल, तर उन्हाळ्यात तिकडच्या किनाऱ्यावर सरगॅसम नावाच्या समुद्री शेवाळाचे ढीग साचतात, एवढं त्यात वाढवून घ्या.

आधी कॅलेंडर, मग घर

मेक्सिकोचं शिक्षण मंत्रालय दर वर्षी देशभरासाठी एकच शालेय वेळापत्रक काढतं. वर्ष ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतं आणि जुलैच्या मध्यावर संपतं. मधे दोन मोठ्या सुट्ट्या: नाताळाच्या सुमारास साधारण दोन आठवडे आणि ईस्टरच्या आधीचा व नंतरचा मिळून दोन आठवडे. त्याशिवाय सोमवारला जोडलेल्या सुट्ट्या आहेत, फेब्रुवारीचा पहिला, मार्चचा तिसरा आणि नोव्हेंबरचा तिसरा सोमवार. या तीन दिवसांच्या सुट्ट्यांना तिथे 'पुएंते' म्हणतात आणि ग्वादालाहाराची निम्मी गर्दी तेव्हा किनाऱ्यावर उतरलेली दिसते. बहुतेक महिन्यांतल्या शेवटच्या शुक्रवारी शिक्षकांची बैठक असते आणि शाळेला सुट्टी. नव्या पालकांना याचा पत्ता सहसा गुरुवारी रात्री लागतो.

खाजगी द्विभाषिक शाळा हे सगळं पाळतीलच असं नाही. काही अमेरिकी धर्तीवर जूनमध्येच बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्याला उघडतात. म्हणून शाळा पाहायला गेलात की फीच्या आधी वेळापत्रक मागा. दोन मुलं दोन शाळांत घालायची वेळ आली, तर दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा.

हे कॅलेंडर हातात आल्यावरच घराचा करार करा. किनाऱ्यावरच्या घरमालकाची वर्षाची कमाई डिसेंबरचा शेवट आणि ईस्टर या मोजक्या आठवड्यांत होते. तेव्हा तो तेच घर पर्यटकांना रोजच्या दराने कितीतरी महाग देऊ शकतो. त्यामुळे 'वर्षभरासाठी' म्हणून दाखवलेल्या घराच्या करारात, या आठवड्यांत घर रिकामं करून द्यावं लागेल, असं कलम निघू शकतं, आणि तोंडी व्यवहारात तर ते आयत्या वेळी समजतं. बारा महिने सलग ताबा आणि सलग एकच भाडं, हे स्पॅनिश करारात लिहून घ्या. मालक तयार नसेल, तर ते दोन आठवडे तुम्ही कुठे जाणार हे आधी ठरवून त्या बदल्यात भाडं उतरवून घ्या. हा सौदा वाईट नाही. सुट्टीत गाव सोडणारी बरीच कुटुंबं तो जाणूनबुजून करतात.

घर बघताना आणखी दोन गोष्टी. छतावर पाण्याची टाकी, ज्याला तिथे तिनाको म्हणतात, ती आहे का आणि खाली साठवणीचा हौद आहे का. गर्दीच्या आठवड्यात गावाच्या नळाला दाब राहत नाही, तेव्हा ज्याच्याकडे साठा त्याच्याकडे अंघोळ. दुसरं, घर चौकापासून किती लांब आहे. मध्यवर्ती चौकाजवळचं घर नोव्हेंबरात पाहिलं तर मोहक वाटतं. एकतीस डिसेंबरच्या रात्री त्याच घरासमोर दारूकाम आणि बँड पहाटेपर्यंत चालू असतो, आणि तक्रार करणारा परदेशी मनुष्य गावाला आवडत नाही. त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. सण त्यांचा आहे.

डिसेंबर: सोपी सुट्टी

हवामानाच्या दृष्टीने ही सगळ्यात सुखाची सुट्टी. पाऊस संपलेला असतो, रात्री पांघरूण लागतं, आणि बांदेरासच्या उपसागरात हंपबॅक देवमासे आलेले असतात. ते मार्चपर्यंत राहतात. नावेतून जायचं तर परवाना असलेलीच नाव घ्या. किनाऱ्यावर उभं राहूनही कारंजी दिसतात.

१६ ते २४ डिसेंबर रोज संध्याकाळी पोसादा असतात. कोकणात गणपतीत एका घरची आरती झाली की मंडळी पुढच्या घरी जातात, तसं इथे गल्लीतली माणसं गात गात दारोदार जातात, शेवटच्या घरी आत घेतलं जातं आणि खाऊने भरलेली पिन्याता फुटते. बोलावणं आलं तर नक्की जा, हातात फळं किंवा मिठाई घेऊन. मुलांना शेजाऱ्यांची ओळख करून द्यायला याहून चांगला आठवडा वर्षात नाही.

एक गोष्ट परदेशी पालकांच्या ध्यानात येत नाही. मेक्सिकोच्या बऱ्याच भागांत मुलांच्या भेटवस्तूंचा खरा दिवस ६ जानेवारी, म्हणजे तीन राजांचा दिवस. आदल्या रात्री मुलं बूट मांडून ठेवतात. शाळा उघडल्यावर वर्गात पहिली चर्चा 'राजांनी काय आणलं' हीच. तुमच्या लेकराच्या बुटात काहीतरी छोटं ठेवा. त्याच दिवशी रोस्का नावाचा गोल पाव कापतात. त्यात लपवलेली छोटी बाहुली ज्याच्या वाट्याला येते, त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खाऊ घालायचे. शाकाहारी घराने ही जबाबदारी बिनधास्त घ्यावी, तामाले मात्र चरबीशिवाय करून मागावे लागतात. त्याबद्दल पुढे.

सेमाना सांता: दार लावून घ्या किंवा निघून जा

ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे सेमाना सांता. त्यातले गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या किनाऱ्यावरचे वर्षातले सगळ्यात गर्दीचे दिवस. देशातली कुटुंबं आजी-आजोबा, बर्फाच्या पेट्या, तंबू आणि स्पीकर घेऊन येतात. हे अमेरिकी पर्यटकांसारखं हॉटेलात विखुरणारं पर्यटन नव्हे, सगळे वाळूवरच असतात. आणि त्यांचा हक्कही आहे. मेक्सिकोत समुद्रकिनारा ही राष्ट्राची मालमत्ता आहे आणि २०२० सालच्या कायदादुरुस्तीने किनाऱ्यावर सर्वांना मोफत प्रवेशाची हमी आणखी पक्की केली. रेस्टॉरंटवाले खुर्च्या-छत्र्या मांडून ठरावीक रकमेचं खाणं घ्यायची अट घालतात ती त्यांच्या खुर्चीपुरती. तुमची चादर वाळूवर पसरायला कुणाची परवानगी लागत नाही.

राहायचंच असेल, तर त्या आठवड्याचा बाजार सोमवारीच उरकून टाका. पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे गर्राफोन नेहमीपेक्षा दोन-तीन जास्त घ्या, गॅस भरून ठेवा, रोख पेसो काढून ठेवा. गावातली मोजकी एटीएम शुक्रवारपर्यंत रिकामी झालेली असू शकतात. बुधवारनंतर गाडी जागेवरून हलवू नका, कारण ती जागा परत मिळणार नाही. किनाऱ्यावर पहाटे उजाडताच जा आणि दहाच्या आत परत या. त्या वेळी वाळू साफ असते, ऊन सौम्य असतं आणि रात्री उशिरा झोपलेले पाहुणे अजून उठलेले नसतात. दुपारी घरात झोप, पत्ते, सिनेमा. संध्याकाळी चौकात आइस्क्रीमपुरतं. मुलांना हे वेळापत्रक एकदा पटलं की ती कुरकुरत नाहीत. कुरकुर होते ती दुपारी एक वाजता गर्दीत जागा शोधायला गेल्यावर.

पण माझं मत विचाराल तर निघून जा, आणि उलट्या दिशेने जा. शहरं किनाऱ्यावर आलेली असतात, तेव्हा शहरं रिकामी असतात. मेक्सिको सिटी वर्षात सर्वात मोकळी असते ती याच आठवड्यात. रस्ते वाहते, हवा बरी, जाकारांदाच्या जांभळ्या फुलांचा शेवट. मराठी मुलांना तिथे दाखवण्यासारखी एक जागा आहे, ती म्हणजे शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत, जिथल्या भिंती दिएगो रिव्हेराने रंगवल्या. त्यातल्या एका चित्रात सगळ्यांना भाकर वाटून देणारा जो माणूस आहे, तो आपल्या वर्ध्याचा पांडुरंग सदाशिव खानखोजे. इंग्रजांना हुलकावणी देत जग फिरलेला हा क्रांतिकारक मेक्सिकोत स्थिरावला, चापिंगोच्या कृषिशाळेत शिकवू लागला आणि त्याने मक्याच्या वाणांवर काम केलं. वर्गात 'तू कुठला?' असं रोज ऐकणाऱ्या मुलाला या भिंतीपुढे दहा मिनिटं उभं करा. मात्र गुरुवार-शुक्रवारी सरकारी इमारती बंद असू शकतात, तेव्हा आठवड्याच्या सुरुवातीलाच तिथे जा.

उन्हाळा: खरी परीक्षा

नाताळ आणि ईस्टर गर्दीमुळे अवघड जातात. जुलै-ऑगस्ट नेमका उलट कारणाने. सलग सहा-सात आठवडे सुट्टी, तापमान ३३-३४ अंश, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, संध्याकाळी विजा आणि धो धो पाऊस. मुंबई-कोकणात वाढलेल्यांना हे हवामान परकं नाही. परकं वाटेल ते रिकामपण. कॅनडा-अमेरिकेची कुटुंबं आपापल्या देशी जातात, तुमच्या मुलांचे इंग्रजी बोलणारे मित्र त्यांच्याबरोबर जातात, आणि ऑगस्टच्या अखेरीपासून बरीच रेस्टॉरंटं दुरुस्तीसाठी कुलूप लावतात. जूनमध्ये 'किती मित्र झाले' म्हणून सुखावलेली आई ऑगस्टात फोनवर पुण्याला रडते, असं होऊ शकतं. तयारी करायची ती याची.

उपाय एकच आहे आणि तो आधीपासून करावा लागतो: मुलांची मैत्री गावातल्या मुलांशी हवी. ती कुठे जात नाहीत. त्यासाठी 'कुर्सो दे व्हेरानो', म्हणजे उन्हाळी वर्ग, गावातल्याच मुलांचा निवडा, परदेशी मुलांसाठी चालणारा इंग्रजी वर्ग नव्हे. फुटबॉल, चित्रकला, पोहणं, काहीही चालेल. सान पांचोत 'एन्त्रेआमिगोस' हे सामुदायिक केंद्र आहे, तिथे वाचनालय आणि मुलांचे उपक्रम असतात. सुरुवातीचा आठवडा मूल गप्प बसेल. बसू द्या. खेळताना लागणारं स्पॅनिश कुठल्याही शिकवणीपेक्षा लवकर येतं, आणि सप्टेंबरात शाळा उघडते तेव्हा त्याचा फरक दिसतो.

तुमच्या कामाच्या वेळा मुलांच्या दिवसाला जुळवायच्या तर घड्याळ नीट समजून घ्या. मेक्सिकोने २०२२ साली घड्याळ मागेपुढे करणं बंद केलं. अमेरिका अजून करते. म्हणून उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातले नऊ म्हणजे तुमचे दहा, तर हिवाळ्यात अकरा. न्यूयॉर्कचे नऊ उन्हाळ्यात तुमचे सातच. भारताशी अंतर मात्र वर्षभर साडेअकरा तास, त्यामुळे सकाळी साडेसातला फोन लावला की पुण्यात संध्याकाळचे सात. आणखी एक गंमत: सायुलिता ज्या बांदेरास तालुक्यात येतं तो वायार्ताच्या वेळेवर चालतो, उरलेलं नायारित राज्य एक तास मागे. राजधानी तेपिकला सरकारी कामासाठी निघालात, तर हा तास हिशेबात धरा.

कॅलिफोर्नियासाठी काम करणाऱ्याची सकाळ यात मोकळी राहते. ती मुलांना द्या. न्यूयॉर्कवाल्यांना दुपार मिळते, आणि ती या उन्हात काही कामाची नाही. त्यांनी सकाळचा उन्हाळी वर्ग किंवा सांभाळायला बाई आधीच ठरवावी. दोघंही नोकरी करत असाल, तर एकाच्या मीटिंगच्या वेळी दुसरा मोकळा, असा तक्ता फ्रिजवर लावलेला बरा. प्रत्येक घरात हे सुचतं, पण सुट्टी लागण्याआधी फार थोडे करतात.

एसीचा हिशेब वेगळाच. वीज सरकारी कंपनीची, बिल बहुधा दोन महिन्यांचं. वापर ठरावीक मर्यादेपलीकडे सतत गेला, तर घराचा समावेश चढ्या दराच्या गटात होतो, अनुदान जातं आणि त्यातून बाहेर यायला महिने लागतात. मुलं दिवसभर घरात असताना प्रत्येक खोलीत एसी चालवण्यापेक्षा दुपारपुरती एकच खोली थंड करा आणि सगळ्यांनी तिथेच बसा.

उन्हाळ्याची कमाई म्हणजे कासवं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी इथे साधारण जुलैपासून अंडी घालायला येते आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. हीच जात रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर येते. तिथला कासव महोत्सव ज्यांनी पाहिला असेल, त्यांच्या मुलांना इथे ओळखीचं काहीतरी भेटेल. स्थानिक संवर्धन केंद्रांत मुलं मदतनीस म्हणून जाऊ शकतात. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, समुद्रापर्यंत त्यांनाच चालू द्यायचं. पैसे घेऊन हातात पिल्लू देणारा कुणी भेटला, तर तिथून निघा.

पाणी, विंचू, ताप

पालकांची भीती सहसा शार्कपासून सुरू होते. ती सोडून द्या. इथल्या काळज्या साध्या आहेत.

पहिली समुद्राची ओढ. किनाऱ्यावर हिरवा, पिवळा, लाल, काळा असे बावटे असतात. लाल म्हणजे पाण्यात जाऊ नका, काळा म्हणजे किनारा बंद. पण बावटा लावणारा माणूस प्रत्येक किनाऱ्यावर नसतो. उन्हाळ्यात दूरवरच्या वादळांच्या लाटा निरभ्र दिवशीही येऊन आदळतात, त्याला 'मार दे फोंदो' म्हणतात. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे धडपडायचं नाही, तरंगत राहायचं आणि किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यायचं, हे मुलांकडून तोंडपाठ करून घ्या. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट बाजूला होतो. त्याचा काटा लागलाच, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून डॉक्टरांकडे न्या.

दुसरी खाडीची मुखं. पावसाळ्यात ओढे समुद्राला मिळतात तिथे मुलांना खेळायला फार आवडतं, आणि नेमकं तिथेच सांडपाणी येतं. या किनाऱ्यावरच्या खाड्यांत मगरीही आहेत, खोट्या नाहीत. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस पोहणं बंद, खाडीत तर कधीच नाही. मोठ्या सुट्ट्यांच्या आधी सरकारची आरोग्य-नियंत्रण संस्था कोफेप्रिस किनाऱ्यांच्या पाण्याची तपासणी जाहीर करते. १०० मिलिलिटरमध्ये २०० पेक्षा जास्त एन्टेरोकोकस जिवाणू सापडले, तर ते पाणी पोहायला अयोग्य. ती यादी पाहून कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते ठरवा.

तिसरा विंचू. नायारितमधला सेंट्रुरोइडेस जातीचा विंचू मेक्सिकोतल्या सर्वांत विषारी विंचवांपैकी एक आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरलं जातं, हे आपल्याला ऐकून माहीत असतं; इथला विंचू वेगळा, त्याचं विष मुख्यतः नसांवर काम करतं आणि इलाज प्रतिविषाचं इंजेक्शन हाच. घशात केस अडकल्यासारखं वाटणं, तोंडातून लाळ, डोळे भिरभिरणं, अशी लक्षणं लहान मुलात दिसली तर घरगुती उपायात एक मिनिट घालवू नका. प्रतिविष कुठल्या दवाखान्यात मिळतं हे राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा. बूट झटकून घालणं, अंथरूण भिंतीपासून दूर ठेवणं, रात्री अनवाणी न फिरणं, इतकी शिस्त घरात हवीच. तातडीचा नंबर देशभर ९११.

चौथा डेंग्यू, पावसाळ्याबरोबर येणारा. ताप आला तर पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताप उतरल्यावर पोट जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, हे धोक्याचं. साध्या दुखण्यासाठी औषधांच्या दुकानाला लागून बसणारे डॉक्टर स्वस्तात तपासतात आणि ती सोय चांगली आहे.

वादळांचं म्हणाल, तर पूर्व पॅसिफिकचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर. सगळ्यात जोरदार वादळं सहसा शाळा उघडल्यावर येतात. १० ऑक्टोबर २०२३ रोजी 'लिदिया' वायार्ताच्या दक्षिणेला धडकलं तेव्हा ते चौथ्या श्रेणीचं होतं. पासपोर्ट जलरोधक पिशवीत, टॉर्च, चार दिवसांचं पाणी, भरलेला पॉवर बँक. दरड कोसळून महामार्ग बंद होऊ शकतो, एवढं धरून चाला.

मुलं दिवसभर घरी आणि स्वयंपाकघर

शाळा असते तेव्हा एक डबा पुरतो. सुट्टीत दर दोन तासांनी भूक लागते. भारतातला मिक्सर इथे चालणार नाही, कारण वीज १२७ व्होल्टची आहे. तो आणू नका, इथेच घ्या. प्रेशर कुकर मात्र आणा. मसूर 'लेंतेहास' या नावाने कुठेही, हरभरा 'गार्बान्सो', काळा आणि पिवळसर घेवडा पोत्यांनी. हळद, जिरं, कोथिंबीर, चिंच, सगळं मिळतं. गुळाऐवजी 'पिलोन्सियो'च्या ढेपा घ्या, पुरणालासुद्धा चालतात. हिंग, कढीपत्ता आणि पोहे मात्र गावात शोधू नका. हिंग आणि मसाले कंपनीच्या सीलबंद पाकिटात आणा. बियाणं आणि ताजी फळं विमानतळावर काढून घेतात.

शाकाहाऱ्यांनी 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. कोंबडी आणि हॅम बऱ्याचदा मांसात मोजत नाहीत. घोटलेल्या घेवड्यात आणि तामालेत डुकराची चरबी, 'मान्तेका', असते. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून 'सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो' हे वाक्य मुलांनासुद्धा शिकवा. मक्याच्या तोर्तियात सहसा फक्त मका आणि चुना. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, निवडुंगाच्या पानांची भाजी, लिंबू-तिखट लावलेला हिकामा कंद आणि लाल अंबाडीच्या फुलांचं हामाइका सरबत, यावर मराठी मूल सुट्टी आनंदाने काढतं. मे ते जुलै नायारितचे आंबे. हापूसशी तुलना करायची नाही, म्हणजे ते छान लागतात.

पालेभाजी आणि फळं धुतल्यावर जंतुनाशक थेंब टाकलेल्या पाण्यात ठेवतात. हे थेंब प्रत्येक दुकानात भाजीजवळच असतात. नळाचं पाणी चूळ भरण्यापुरतं.

कागद आणि पाहुणे

ज्या भारतीयाकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा आहे, त्याला मेक्सिकोत पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस मिळू शकतात, पण नेमके किती ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. शिक्का तिथेच वाचा. शाळेचं वर्ष काढायचं तर तात्पुरत्या निवासाचा व्हिसा मेक्सिकोबाहेरच्या वकिलातीतून घ्यावा लागतो आणि आल्यापासून ३० दिवसांत स्थलांतर कार्यालयात कार्डासाठी अर्ज करावा लागतो. ते ३० दिवस नाताळात किंवा सेमाना सांतात येऊ देऊ नका, कार्यालयं बंद असतात. मुलांचा जन्मदाखला आणि शाळेचे दाखले भारतातून निघण्यापूर्वीच अपोस्टील करून घ्या. मेक्सिकोत बसून ते काम कुरिअरने करणं म्हणजे डोकेदुखी. स्पॅनिश भाषांतर तिथल्या मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच. निवासी कार्ड असलेलं मूल सुट्टीत मावशी-काकांबरोबर, आईवडिलांशिवाय देशाबाहेर जाणार असेल, तर पालकांचं कायदेशीर संमतिपत्र लागतं. आई किंवा वडील बरोबर असतील तर मेक्सिको ते मागत नाही.

राहिला प्रश्न आजी-आजोबांचा. ते पूर्वापार सवयीने मे महिन्यात, 'मुलांच्या सुट्टीत' यायचं म्हणतात. तेव्हा इथे शाळा चालू असते आणि उकाडा सुरू झालेला असतो. डिसेंबरात त्यांना बोलावलंत तर तिकीटही महाग आणि गावात चालायला जागा नाही. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत बोलवा: थंड सकाळी, देवमासे, आणि दुपारी एक-दोनच्या सुमारास घरी येणारी नातवंडं. अमेरिकेचा व्हिसा नसेल, तर अमेरिकेतून विमान बदलणारं तिकीट चुकूनही काढू नका, तिथे विमानतळावर थांबायलाही व्हिसा लागतो. युरोपमार्गे येताना प्रत्येक देशाचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी तपासा, आणि पैसे भरण्याआधी पुएंतेची तारीख एकदा कॅलेंडरवर बघून घ्या.